इतिवृत्तातली एक दुरुस्ती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पार्कचे व्यवस्थापक साहेब. वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, परवाना कार्यालयाच्या अधिकारी बाई. व्यासपीठावर सगळ्यांत अवघडून बसलेले, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती. वर्कशॉप, बाग, उपाहारगृह आणि गेटवरचे माझे सहकारी. आणि काकांच्या घरून आलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी कार्यालयात लेखनिक आहे. सभांची इतिवृत्तं लिहिते. बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय.

सत्कारमूर्तींचं हजेरीपटावरचं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नाहीत. एकतीस वर्षं आकाशपाळण्याचं वंगण अंगावर घेऊन फिरले, म्हणून ते वंगणकाका. त्यांच्या पत्नी तिकिटाच्या एक नंबर खिडकीत बसायच्या, म्हणून त्या खिडकीकाकू. नव्याने लागलेल्यांसाठी सांगते, काकू आज आपल्यात नाहीत. साथीच्या पहिल्याच वर्षी गेल्या.

काकांची शिस्त तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. रोज सकाळी पाळणा आधी रिकामा फिरतो, मग वाळूची पोती घालून, मग काका स्वतः बसतात. "आधी मी पडतो, मग पब्लिक." एकतीस वर्षांत एकदाही पडले नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पार्क सात महिने बंद होतं, तेव्हाही हा माणूस रोज सायकलवरून यायचा. यंत्र बसून राहिलं की बेअरिंग धरतात, जाम होतात, म्हणून पोती बसवून पाळणा फिरवायचा. गेटवरचे दादा सांगतात, पोती उतरवताना काका त्यांना विचारायचे, "काय, आली का मजा?"

हसा, हसायला हरकत नाही. पुढचं मात्र मला हसत सांगता येणार नाही.

सात महिन्यांनी शासनाने पार्क उघडायला मुभा दिली. निम्मीच गर्दी, एक सोडून एक आसन, आणि कर्मचाऱ्यांची लेखी संमती, म्हणजे त्यांच्या सभेचं इतिवृत्त. सगळे राजी असतील तर परवाना लगेच. एकाचा जरी विरोध नोंदला, तर आधी येऊन तपासणी होणार, मग परवाना. सुट्ट्या दहा दिवसांवर आल्या होत्या.

सभा कुठे घ्यायची? बंद खोलीत बसायला मनाई. साहेबांनी युक्ती काढली. डॅशिंग कारचा मांडव चारी बाजूंनी मोकळा आहे, एकेका गाडीत एकेकाने बसा, अंतर आपोआप राहील. तेवीस माणसं लाल-पिवळ्या गाड्यांमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसली होती. माळीबुवा बोलताना दर वाक्याला स्टिअरिंग फिरवत होते. आणि चर्चा कशाची, तर माणसं जगवायची कशी!

काका उघडण्याच्या बाजूने बोलले. जीव तोडून बोलले. बागेतली दोन माणसं भाजी विकायला लागली होती, उपाहारगृहातल्या ताईंचं घर भावाच्या आधारावर चाललं होतं. काका म्हणाले, "सात महिने पोती फिरवतोय साहेब. पाळण्याला माणसं लागतात. पोती कधी ओरडत नाहीत, पुन्हा बसायचं म्हणून हट्ट करत नाहीत."

पलीकडच्या गाडीतून काकू म्हणाल्या, "पोती खोकतही नाहीत."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. मग काकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या खिडकीच्या काचेला भोक आहे, ते बरोबर माझ्या तोंडासमोर. लोकांना ऐकू जात नाही, म्हणून ते मास्क खाली ओढून त्या भोकात तोंड घालून बोलतात. दिवसाला पाचशे माणसं. भोक बुजवा, माईक बसवा, मग उघडा खुशाल. तोवर माझा विरोध."

काका म्हणाले, "अगं, बसवतो की माईक. दोन दिवसांचं काम. घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? सभा इथे आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिहून घे गं पोरी. घरी माझं कोण लिहून घेतंय!"

पुन्हा हशा झाला. मत घेतलं. बावीस हात वर. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, एका भोकासाठी तपासणी आली तर सुट्ट्या गेल्या. काका माझ्या गाडीपाशी आले आणि साहेबांच्या देखत हळूच म्हणाले, "तिचं मी बघतो. तू सर्वानुमते लिही."

मी लिहिलं, सर्वानुमते.

माझ्यावर कोणी बळजबरी केली नव्हती, हे मला नीट सांगायचंय. माझाही पगार निम्मा येत होता. मलाही पार्क उघडायला हवं होतं. मी शाळेत जायच्या आधी दोन वर्षं आत्याने मला घरीच शिकवलं. ती वाचून दाखवायची, मी लिहायचे. एक शब्द गाळला तरी अख्खं पान पुन्हा. "तुला पटलं ते नको लिहूस, ऐकलंस ते लिही," म्हणायची. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं एक अख्खं वाक्य जाणूनबुजून गाळलं.

पार्क उघडलं. गर्दी लोटली. माईक आज बसवू, उद्या बसवू म्हणता म्हणता राहून गेला, कारण पाळण्याचं काम निघालं. तिसऱ्या आठवड्यात काकूंना ताप आला. पुढच्या सभेत मी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. साहेबांनी विचारलं, कोणाची हरकत? हरकत घेणारी एकच व्यक्ती होती आणि ती दवाखान्यात होती. इतिवृत्त कायम झालं. त्याच संध्याकाळी काकांनी एक नंबर खिडकीला माईक बसवला आणि भोक बुजवलं. त्यानंतर पाचव्या दिवशी काकू गेल्या.

त्यांना संसर्ग खिडकीतूनच झाला, असं मी म्हणत नाही. दुकानातून, रस्त्यातून, कुठूनही झाला असेल. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. माझ्या एका वाक्याने त्या वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. रोज विचारते, तरी माहीत नाही. त्या बोलल्या आणि मी लिहिलं नाही, एवढंच मला पक्कं माहीत आहे.

हे आज, काकांच्या कौतुकाच्या दिवशी काढावं का, म्हणून काल मी वर्कशॉपमध्ये गेले. ते पान्हे पुसून नव्या मिस्त्रींच्या हवाली करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पुसलेलाच पान्हा पुन्हा पुसायला घेतला. मग म्हणाले, "तिचं बोलणं आठवतं तुला? म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं.

"एक राहिलं," काका म्हणाले. "उभी राहिल्यावर आधी म्हणाली होती, मी घाबरट नाही. ते घाल." पान्हा खाली ठेवून म्हणाले, "आणि मी तुला काय सांगितलं, तेही घाल. गाळू नकोस."

काका, तुम्ही पाळण्यात आमच्या आधी बसलात, आणि या कबुलीतही माझ्या आधी बसलात. निरोपाला याहून मोठं बोलणं माझ्याकडे नाही.

अध्यक्ष महाराज, परवाना कार्यालयाच्या बाई समोर आहेत, हे मला कळतंय. तरीही त्या सभेच्या इतिवृत्तात पुढील दुरुस्ती करावी, अशी विनंती करते.

"तिकीट खिडकी क्रमांक एकच्या कर्मचारी बाई म्हणाल्या: मी घाबरट नाही. खिडकीचं भोक बुजवून माईक बसवल्याशिवाय पार्क उघडायला माझा विरोध आहे. ठराव बावीस विरुद्ध एक मताने मंजूर झाला. त्यांच्या पतीच्या सांगण्यावरून, अध्यक्षांच्या समक्ष, लेखनिकेने तो सर्वानुमते असा लिहिला."

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपली ऋणी आहे. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पदरात घ्यावं. लिहिण्यातल्या चुकीची मात्र माफी मागत नाही, ती फक्त दुरुस्त करून द्या.

दुरुस्ती मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. कोणाचा विरोध असेल तर तोही सांगावा. मी लिहून घेईन.