ओल्या केसांच्या वेण्या

पालघरच्या विवाह नोंदणी कार्यालयाबाहेर उत्कर्षा आपल्या लग्नाच्या दाखल्यासाठी थांबली होती. बाकावर शेजारी घिवली गावच्या मायलेकी बसल्या होत्या. लेक आईच्या वेण्या सोडवत होती.

“सकाळी ओल्या केसांच्या सैल वेण्या घातल्या ना, बघ कशा लाटा आल्यात.”

“फणी दे, विंचरते.”

“फणी नाय. बोटांनीच मोकळे करायचे, नायतर लाटा मोडतील.”

“अंबाडाच घाल गो. या वयात मोकळे केस?”

“बाबा गेल्यापासून रोज अंबाडाच घातलास. आज तुझं लगीन हाय, आई.”

“लोक हसतील.”

“हसू दे. अंकुशकाका नाय हसणार.”

“तुला खरंच चालेल ना? नको असेल तर आताच सांग. मी तुझ्याबरोबर घरी परत येते.”

लेकीची बोटं केसांतच थांबली.

“मीच त्यांना बोलले होते, आईला विचारा म्हणून.”

“तू?”

“हलू नको. एक बट राहिलीय.”

आतून “सुगंधा” असा पुकारा झाला. आई मोकळ्या केसांनी उठली. उत्कर्षाने पाय आखडून घेतले आणि दोघींना वाट दिली.