प्रश्न विचारून बाई फळा पुसायच्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे प्राचार्य सर. आज तरी मधेच उठून तासाला जाणार नाहीत अशा सत्कारमूर्ती, आमच्या विभागप्रमुख बाई. व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, बाईंच्या घरची मंडळी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

वर्गात प्रश्न विचारला आणि मुलं गप्प बसली, तर शिक्षकाने किती वेळ थांबावं? भाषण प्रश्नाने सुरू करावं म्हणतात म्हणून हे विचारत नाही. मला खरंच याचं उत्तर येत नाही.

मी इथे रुजू झाले तेव्हा प्रशिक्षणातून नुकतीच शिकून आले होते, की मुलांनी नुसतं ऐकू नये, बोलावं, वाद घालावा. लगेच गट पाडले, विषय दिले. गटातला हुशार मुलगा बोलायचा, बाकीचे वहीच्या कडेला फुलं काढायचे. गोंगाट मात्र सगळ्यांचा. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, बाजार उठला की कळवा, मग मी शिकवतो." ते आज समोरच बसलेत. हसताहेत, म्हणजे राग गेला असावा.

त्या आठवड्यात बाई माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. टीका केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या तासाला बसवलं. प्रश्न होता: वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच जागी क्षणभर थांबतो, तेव्हा त्याच्यावर बल असतं का? आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहून हात वर करायचा, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा हात वर. एवढं सांगून बाई वळल्या आणि फळा पुसू लागल्या. फळा कोराच होता.

बहुतेकांचं मत, बल नसतं. तेवढ्यात कधीच न बोलणारी एक मुलगी पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हणाली, "चेंडू थांबला म्हणून पृथ्वीने काय सुट्टी घेतली?" वर्ग हसला, आणि पुन्हा हात वर झाले तेव्हा निम्म्यांचं मत फिरलं होतं. बाईंनी तोवर तोंड उघडलं नव्हतं.

कोरा फळा का पुसता, असं मी नंतर विचारलं. बाई म्हणाल्या, "अगं, पाठ फिरवली नाही तर उत्तर मीच देऊन टाकते. इतकी वर्षं झाली, पण तोंडाची खोड जात नाही."

तेव्हापासून मीही फळा पुसते. हे काम सोपं नाही, आणि मी दमले आहे, ते लपवत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. आई विचारते, "मुलंच बोलतात, तर तुझा घसा कशाने बसतो?" तिला काय सांगू, की गप्प बसण्यानेच माणूस जास्त थकतं? यंदा मुलांच्या अभिप्रायात आलं, 'मॅडम शिकवत नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात.' तक्रार खोटी नाही, हाच त्रास आहे. माझी नेमणूक अजून तात्पुरती. प्राचार्य सरांनी मला बोलावून शांतपणे समजावलं, की बाई आहेत तोवर ठीक, पुढे सरळ नोट्स सांगाव्यात हे बरं. तरीही तुम्हीच ठरवा, बाईंच्या निरोप समारंभापर्यंत उत्तर द्या, म्हणाले.

काल बाई कपाट आवरत होत्या. मी विचारलं, मी काय करू? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वळून कपाटाची फळी पुसू लागल्या. ती आधीच पुसलेली होती.

बाई, आमच्याकडून तुम्ही पुष्कळ करून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सभागृहानेही शांतपणे ऐकलं, त्याबद्दल ऋणी आहे.

अध्यक्ष सर, तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. आमच्या वर्गातले बाक जमिनीला ठोकलेले, मागच्या बाकावरच्यांशी बोलायचं तर मुलांच्या माना अवघडायच्या. आज सकाळी सुतारकाकांना बोलावून मी ते सगळे मोकळे केले आणि एकाआड एक ओळ मागे फिरवली. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर लहान समजून पोटात घालावं. बाकांचं मात्र आता काही करता येणार नाही. जमिनीतली भोकंही काकांनी बुजवली आहेत.