याहून जड

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात बाकावर बसून बसून मास्तरांची पाठ आखडली होती. एक ट्रिगर निवडायला माणसानं किती वेळ लावावा! काउंटरपाशी एक नवरा-बायको उभे होते. रायफल बायकोची होती.

“हा घ्या, ताई. फुंकर मारली तरी सुटेल.”

“हलका नकोय. आहे तोच हलका आहे. जड दाखवा.”

“जड दाबताना नेम हलतो. सगळे नेमबाज हलकाच मागतात.”

“मीही तेच सांगतोय. पण ही माझं ऐकेल तर शपथ.”

“तुम्ही गप्प बसा हो जरा. त्या औषधांपासून बोट बधिर झालंय माझं. गोळी सुटली की मला आवाजानं कळतं.”

दुकानदारानं फळीवर बसवलेला दुसरा ट्रिगर पुढं सरकवला.

“डोळे मिटून दाबा. आधी थोडा मागे येईल, मग अडेल, मग सुटेल. अडला की सांगा.”

टक् झालं.

“अडला.”

“सुटला, ताई. आवाज ऐकून सांगितलंत.”

“हो.”

“हा त्याहून जड आहे. साहेब, यांचे कान झाका बरं.”

नवऱ्यानं तिच्या मागे उभं राहून दोन्ही तळवे तिच्या कानांवर ठेवले. ती दाबत राहिली. टक् झालेलं मास्तरांना बाकावर ऐकू आलं.

“अजून नाही अडला,” डोळे मिटूनच ती म्हणाली.

तिच्या कानांवरचे हात न काढता नवरा म्हणाला, “याहून जड दाखवा.”