ओळखला तर नेणार

सॅमसन: अर्धं पान अजून जबड्यात हाय. लाळ बघ कशी गळतेय. हॉलमधलं नवीन झाड चघळलंय बंड्याने.

एस्थर: पान अळूच्याच जातीचं दिसतं. घसा खाजत असेल बिचाऱ्याचा. आमसुलाचं पाणी करते.

सॅमसन: थांब! कुत्र्यांच्या डॉक्टरांशी बोललो आत्ताच. आंबट काय देऊ नका, ओकायलाही लावू नका म्हणाले. तोंड साध्या पाण्याने धुवा, चमचाभर दही चाटवा, आणि घेऊन या. जीभ सुजली तर श्वास कोंडतो.

एस्थर: तोंड उघडतोय कुठे? माझ्यावर गुरगुरला मेला. सहा वर्षं याच हाताने भाकरी घातली!

सॅमसन: दुखतंय त्याला. रूथला फोन लावतो, तिच्या आवाजाला उघडेल तोंड.

एस्थर: अहो, तिला नको! पुढच्या महिन्यात येतेच हाय इस्रायलहून. ‘माझा कुत्रा हाय, मला ओळखला तर नेणार’ म्हणाली. सोडून गेली तेव्हा कुणाचा होता?

सॅमसन: श्वास कोंडला तर भांडाल कुणासाठी दोघी बहिणी?

एस्थर: ...लावा.

रूथ: ताई? काय खाल्लं गो त्याने?

एस्थर: तुझ्या हॉलच्या फोटोत मोठ्या पानांचं झाड होतं ना? तसलं आणलं मी.

रूथ: अगो, विषारी असतं ते. मी कपाटावर ठेवलंय, मांजर पोचू नये म्हणून.

एस्थर: फोटोत कपाट नव्हतं आलं. हाक मार त्याला, लवकर.

रूथ: बंडूऽ! ए बंडूबाळा! आ कर, राजा. आऽ!

सॅमसन: उघडलं! एस्थर, बोटाने पान काढ. डोकं खाली धर. पाणी बाजूने सोड, घशात नको... हां, अजून थोडं.

एस्थर: बघा. मला दात दाखवले, आणि तिला लगेच आ. जळतं हो माझं, खरंच जळतं.

सॅमसन: मागून जळ. आधी दही दे. हां, गिळलं. रिक्षा बघतो मी.

रूथ: ताई, ओळखला काय गो मला?

एस्थर: नाय. दह्याचा वास आला त्याला.

रूथ: खरं सांगतेस?

एस्थर: सहा वर्षं झाली गो. कुत्र्याचं डोकं ते, किती लक्षात ठेवणार?

रूथ: मग ते शेपूट कशावर आपटतंय?

एस्थर: कुठे काय?

रूथ: मी बोलले की आपटतंय. गप्प झाले की थांबतंय.

सॅमसन: एस्थर, आण त्याला! रिक्षा आली.

एस्थर: ठेवते गो.

रूथ: ताई, ऐक. येईन मी ठरल्याप्रमाणे. जाताना एकटीच जाईन.

एस्थर: रूथ...

रूथ: दवाखान्यापर्यंत तेवढा फोन बंद करू नको.