मुठीतलं नाणं

—नाही हो काका, घासलेलं नाही. राख नाही, लिंबू नाही, काही लावलं नाही. ती एक बाजू गुळगुळीत झालीय ना, ती अंगठ्यानं. आमच्या बाबांच्या अंगठ्यानं. तुम्ही पारखून बघा निवांत, मला घाई नाही — म्हणजे आहे, शेजारच्या मावशींना बसवून आलेय बाबांपाशी, त्या तरी किती वेळ बसणार — पण बघा तुम्ही. मी इथं दुकानातच स्टुलावर टेकते. घरी टेकायला मिळत नाही हो. टेकलं की हाक येते. हाकसुद्धा माझ्या नावानं नाही — ‘अहो बाई’, म्हणतात. पोटच्या पोरीला अहो बाई!

गवंडी होते बाबा. कुणाची तरी जुनी भिंत पाडताना विटांच्या फटीत हे सापडलं. दुसऱ्या कुणी खिशात टाकलं असतं. बाबा गेले मालकाला दाखवायला. मालक म्हणाला, माझ्या काय कामाचं, ठेव तूच. तेव्हापासून यांच्या खिशात. कामावर खिशात, घरी हातात. दादा म्हणतो, पुस्तकात अगदी असंच चित्र आहे, कुणा औटघटकेच्या राजाचं आहे, नाणी पाडायला सुरुवात केली आणि गादीच गेली, म्हणून फार थोडी उरलीत. खरं असलं तर घबाड आहे म्हणतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुसऱ्या गावी असतो. फोन करतो ना, रोज करतो — फोन करायला काय जातंय.

काय लावलंत ते? लोहचुंबक? नाही ना चिकटलं? म्हणजे चांगलंच की — की शिसंही चिकटत नाही? नाही, मला काय कळतंय. मी शिवणकाम करणारी बाई. करायची, म्हणजे. आता मशीनवर बाबांची औषधं मांडलीत.

काका, एक विचारू? तुम्ही सांगाल ते खरंच सांगाल ना? नाही, खोटं सांगा असं मी म्हणत नाहीये. तसं नाही. त्याचं काय आहे — दादा म्हणतो, नाणं खरं निघालं तर विकू, आणि त्यातून बाबांना चांगल्या ठिकाणी ठेवू, तिथं नर्सबाया असतात, डॉक्टर असतो. आणि खोटं निघालं तर चाललंय तसं चालू दे. चाललंय तसं म्हणजे काय? चाललंय तसं म्हणजे मी. त्यांना भरवायचं मी, न्हाऊ घालायचं मी, अंथरूण बदलायचं मी. वहिनी म्हणते, वन्संना सवय आहे. सवय! सवय काय, बैलालाही असते.

तर तुम्हाला वाटेल, बाईला नाणं खरंच निघायला हवंय. नाही हो. ते नाणं गेलं तर बाबा जातील. ते हातात असलं तरच डोळा लागतो त्यांचा, घास गिळतात तेसुद्धा मूठ आवळून. आज सकाळी काढलं कसं माहितीये? गाढ झोपले होते, एकेक बोट सोडवलं, आणि त्या जागी कोटाचं बटण ठेवलं — पितळेचं, एवढंच, असंच जड. वाटलं, कळायचं नाही. ज्याला पोटची पोर कळत नाही त्याला नाणं काय कळणार? मी दारापर्यंत पोचले नाही तोच हाक. ‘अहो बाई, हे माझं नव्हे.’ बटण चादरीवर ठेवलेलं, हात पसरलेला. मला रडूच — नाही, रडू नाही आलं. राग आला. खोटं सांगत नाही, राग आला. नाणं ओळखलंत बाबा, आणि मी? मी कोण? तशीच निघून आले. पसरलेला हात तसाच टाकून.

परवा कपडे पिळताना माझ्याच तोंडून गेलं — देवा, खरं निघू दे. म्हणजे जाऊ देत त्यांना. झोपू दे मला. — हे मी कुठं बोलून बसले तुमच्यापुढं. सोडा. तुम्ही कड बघताय ना, बघा. खोटं, साच्यात ओतलेलं असलं की कडेला सांधा दिसतो म्हणतात. दिसतोय का?

नाही दिसत म्हणता.

काका, काय ते बोलून टाका.

... खरं. अगदी खरं? वजनही बरोबर? — हं. बरं. नाही, पाणी नको. थांबा, फोन वाजतोय. त्याचाच.

हां दादा. हो, इथंच आहे, दुकानात. बघितलं त्यांनी. खरं आहे. अरे हो, खरंच आहे, किती वेळा विचारशील? — नाही. नाही दादा, ऐक. गिऱ्हाईक नंतर बघू. आधी तू ये. रजा काढ आणि ये. बाबांजवळ तू राहायचं, मी नाही. भरव, पूस, हाकेला ओ दे. आणि मग त्यांच्या हातातून तू काढ. मी एकदा काढलं, पुन्हा काढायची नाही. तुला काढवलं तर खुशाल वीक, मी एका शब्दानं आडवी येणार नाही, आणि बाबांना न्यायला गाडीत मीच बसेन. पण काढायचं तू. — वहिनीला विचारून सांगतोस? विचार. मी काही पळून चालले नाही.

ठेवला.

द्या काका ते इकडे. नको, डबी नको, कापूस नको, तसंच हातात द्या. आणि किंमत? नाही, सांगू नका. आकडा एकदा कानात गेला की जात नाही हो. येते मी. मावशी ताटकळल्या असतील.