गणूच्या भोंग्याची नळी

...आणि भोंग्याचं एक टोक आंब्याला बांधलं हो! आंब्याला! आणि दुसरं टोक मोटरसायकलला! नाय, तुम्हीच सांगा, ही भोंग्याची दुरुस्ती झाली की बैलांची शर्यत? आणि वर मला म्हणतो कसा, "मावशी, गाडी पहिल्या गेरात होती, जोरात नाय ओढलं." पहिल्या गेरात! म्हटलं, मेल्या, तुझ्या सुइणीनं तुला असा पहिल्या गेरात काढला असता तर आज कुठे असतास?

ओढायच्या आधी इचारावं! एवढी साधी गोष्ट हाय. पंचावन्न वर्षं मी या महाडात बांगड्या भरते, जानकी कासारीण म्हटलं की शिवथरपासून दासगावापर्यंत लहान पोरगीपण मनगट पुढे करते, आणि एकीचाही हात मी कधी ओढला नाय. हात ओढला की मूठ वळते, मूठ वळली की काचेला जागा नाय. म्हणून आपण इचारायचं... काय गो, सासूचं नाव काय? नवरा दिसायला कसा हाय? ती लाजते, हात सैल पडतो, आणि बांगडी कधी आत गेली ते तिलापण कळत नाय. हे मला कुणी शिकवलं नाय. शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं मनगटांनी शिकवलं.

तर हा गणू. पोलादपूरच्या अंगाला वाडी हाय त्याची, महाडातल्या बँडात मोठा भोंगा वाजवतो. त्याला ते युफोनियम म्हणतात, मी भोंगाच म्हणते, त्यानं काय वाजायचा राहतो? त्याची बायको दर्शना, सातवा महिना, हात असे सुजलेले की बांगड्या मांसात रुतलेल्या. दवाखान्यात म्हणाले कापा. ती रडायला लागली, पहिलटकरीण, बांगडी कापायची म्हणजे... मी गेले, हात वर धरायला लावला, साबणाचं पाणी घेतलं, दोरा गुंडाळला, गप्पा मारल्या, आणि अकराच्या अकरा बांगड्या शाबूत काढून तिच्या ओटीत टाकल्या! गणू दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "मावशी, भोंग्याचीपण निघेल काय गो?"

बघा आता.

झालं होतं असं, की त्याच्या भोंग्याला एक सरकती नळी असते, ती अडकली होती, बाहेर निघालेली अशी चार बोटं, जीभ काढल्यासारखी. चार वर्षं कुणाचं काय अडलं नाय. पण यंदा अनिल मास्तरनं, म्हणजे बँडच्या मालकानं, सगळ्यांना सोनेरी गोंड्यांचे नवे डगले शिवले, दासगावच्या लग्नात वरून उडणारा कॅमेरा येणार म्हणे, आणि मास्तर बोलला... तो नाकातनं बोलतो हो, "गणू, डगले बघ आणि तुझा भोंगा बघ! मांडवाच्या दिवसापर्यंत जीभ आत गेली नाय तर भोंगा मोडीत, आणि तुझ्या जागी माझा भाचा कीबोर्ड घेऊन." झालं! बायको गरोदर, आजोबांपासूनचा घरातला भोंगा, आणि हा कीबोर्डवाला भाचा दारात टपून बसलेला. घाबरला गणू. आणि घाबरलेला पुरुष काय करतो? ओढतो! त्यातूनच ते आंबा आणि मोटरसायकल.

ओढायच्या आधी इचारावं. मी भोंगा मांडीवर घेतला आणि म्हटलं, "कधीपासून अडकलीय?"

"पुरापासून. एकवीस सालच्या."

"भोंगा कुठे होता तेव्हा?"

"माळ्यावर."

"मग पाणी कसं लागलं?"

"पाणीपण माळ्यावरच होतं."

"बरं. मग पाणी ओसरल्यावर काय लावलंस त्याला?"

"खोबरेल."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पायजे? आपण सगळ्यालाच लावतो."

आता काय बोलायचं! आणि ती नळी असते कशाला, असं इचारलं तर म्हणतो, सूर लावायला. बाहेर काढली की सूर उतरतो, आत घातली की चढतो. मला कळेना, एवढ्याशा नळीनं सूर कसा चढेल? म्हणून मग त्याचा छोटा पितळी बाजा मागवला, ज्याची नळी सरकत होती, आणि... लपवायचं काय त्यात, मी स्वतः फुंकला! बहात्तर वर्षं वय, पुढचे दात दोन, पहिल्यांदा नुसतीच हवा, दुसऱ्यांदा म्हशीसारखा आवाज, तिसऱ्यांदा मात्र सूर! नळी ओढली, फुंकला, उतरला. आत ढकलली, फुंकला, चढला! अर्धा तास मी तेवढंच करत बसले. शेजारची येसूबाई कुडावरनं डोकावली, "जानकी, कोण रडतंय गो तुझ्याकडे?" म्हटलं, "कोण नाय, शिकतेय." "या वयात?" "मग कोणत्या? तू तर कुठल्याच वयात नाय शिकलीस!"

पहिल्या दिवशी सांध्यावर रॉकेलचे चार थेंब. आता रॉकेल मिळतंय कुठे, माळ्यावरच्या जुन्या स्टोच्या टाकीत होतं ते काढलं. दुसऱ्या दिवशी शिवणयंत्राचं तेल. तिसऱ्या दिवशी गरम पाण्यात फडकं बुडवून बाहेरच्या नळीला गुंडाळायचं, आणि लाटण्यानं टक टक टक, हळूच, झोपलेल्या पोराला थोपटावं तसं. विस्तव लावायचा नाय हं! विस्तवानं सांध्याचा डाग, म्हणजे कथलाचा जोड, सुटतो, मग एका भोंग्याचे दोन होतात. आणि थोपटताना मी बोलत होते त्याच्याशी. हसता काय? सवय हाय हाताला, तोंड चालल्याशिवाय हात चालत नाय. काय रे बाबा, कुठे दुखतंय, किती लग्नं वाजवलीस, मास्तर कसा हाय... चौथ्या दिवशी नळीच्या वाकातनं जुन्या लुगड्याची पट्टी घातली, इकडे गरम फडकं, तिकडे हलकेच झटका, एक, दोन... कर्रर्र... आणि चक!

आली बाहेर!

गणूच्या डोळ्यांत पाणी. माझं लक्ष मात्र त्या नळीकडे. आत तपकिरी वळ बसले होते, दगडासारखे. नखानं खरवडलं, वास घेतला. गाळ हो! सावित्रीचा गाळ, खोबरेलात कालवलेला. गावातनं पूर गेला, गाळ गेला, भिंतींना रंग लागले, आणि हा चिमूटभर पूर चार वर्षं या नळीत दडून बसला होता आणि लग्नांना जाऊन येत होता.

मग काय, मला चेव आला. चिंच आणि राख घेतली आणि दोन दिवस घासली, आरशासारखी! बोटानं ढकलली की आत, बोटानं ओढली की बाहेर, लोण्यातनं सुरी फिरावी तशी. पूर्ण आत बसवली, म्हटलं, घे, जीभ आत गेली, जा दासगावला.

मांडवाच्या दिवशी मीपण तिथेच. नवरी सेजल, तिचा हिरवा चुडा भरायला मीच ना! दुपारची वेळ, सहा बांगड्या गेल्यात, सातवी मनगटाच्या हाडावर हाय, मी सासूचं नाव इचारलंय, पोरगी लाजतेय, आणि बाहेर मामाकडची मंडळी वाजतगाजत आली आणि बँड सुरू झाला.

काय सांगू तुम्हाला! नऊ जण एका बाजूला आणि आमचा गणू एका बाजूला, गाणं तेच पण त्याच्या वरनं चाललंय, जसं एका चुलीवर दोन सासवा! पोरगी दचकली, मूठ वळली, आणि खळ्ळ...

वाढवली बांगडी. पंचावन्न वर्षांत नवरीच्या हातावर पहिली! तिची आत्या ओरडली, "अगो बाई, आजच?" मी तशीच उठले, हातात बांगड्यांची पेटी, आणि बँडात शिरले. वर तो कॅमेरा भुंग्यासारखा गरगरतोय.

मास्तर नाकातनं किंचाळत होता, "गणू, सूर! गणू, सूर!" गणू घामाघूम. त्यानं नळी पूर्वीसारखी चार बोटं बाहेर ओढली, फुंकर मारली... आणि नळी सटकली आणि थेट हळदीच्या परातीत! एवढी घासल्यावर ती राहणार कशी जागेवर? मग ट्रम्पेटवाला सुशांत हळूच बोलला, "मास्तर, एक सांगू काय? याची नळी हलत नव्हती म्हणून आम्ही सगळ्यांनी आमच्या नळ्या ओढून गणूला मिळवल्या होत्या. चार वर्षं सगळा बँड गणूच्याच सुरावर हाय."

गणूला स्वतःलाच ठाऊक नव्हतं हो! बिचारा चार वर्षं समजत होता की आपण बँडात कसेबसे टिकून आहोत.

मी परातीतनं नळी काढली, पदराला पुसली, इचारलं, "कुठवर होती?" तो म्हणाला, "चार बोटं." "कुणाची बोटं, तुझी की माझी?" त्याची बोटं मोजून बसवली, पेटीतला दोरा काढला आणि जसा दर्शनाच्या हाताला गुंडाळला होता तसा गच्च गुंडाळला. तो काढायला होता, हा धरायला. दिवस निभावला. सेजलचा चुडापण भरला, आणि कीबोर्डवाला भाचा वऱ्हाडात जेवून घरी गेला.

मास्तर आता गणूला 'गणूशेठ' म्हणतो. भोंगा मोडीत नाय, गणू बाहेर नाय. पण दोरा किती दिवस पुरणार? मास्तरचा हुकूम हाय, पुढच्या लग्नाआधी नळी होती तशी पायजे. आणि मी... सगळं इचारलं हो मी! कधीपासून, कुठे, कशानं, काय लावलंस. एकच इचारायचं राहिलं, की बाबा रे, तू असा अडकलेला असताना तुला धरून कोण कोण उभं हाय?

चार दिवसांमागे सकाळी गणू दारात हजर. हातात दुधाची पिशवी. म्हटलं दूध कशाला आणलंस? म्हणतो, "दूध नाय मावशी, नदीवरनं गाळ आणलाय. खोबरेल तुझ्याकडे असेलच. परत अडकवून दे."

आता तीन दिवस मी कालवतेय. कधी फार घट्ट, कधी फार पातळ. गाळ किती, तेल किती, काय कळत नाय. येसूबाई म्हणते, "ज्या नदीनं अडकवली तिलाच इचार की! तूच म्हणतेस ना, आधी इचारावं?"

म्हटलं नको गो बाई. तिला एकदा इचारलं की ती उत्तर द्यायला घरी येते.