बेसिनखालचं सागवान

तुळजाबाई: थांबा धुळाजी. करवत खाली ठेवा आणि ती फळी जरा उजेडात धरा.

धुळाजी: कावून हो बाई? अस्सल सागवान हाय. बेसिनखालच्या जुन्या कपाटाचा निस्ता भुसा झालाय, खिळा ठरत न्हाई त्यात.

तुळजाबाई: सागवान मला कळतं. हे गोल डाग कशाचे, तेही कळतं. दुधाची किटली रोज एकाच जागी टेकवली की असा डाग पडतो. आमच्या महिला दूध संस्थेच्या टेबलाची फळी माझ्या न्हाणीघरात कशी आली? अंजना! इकडे ये.

अंजना: आले आत्याबाई, हात पिठात होते.

तुळजाबाई: मी अध्यक्ष होते तोवर संस्थेची सुतळीसुद्धा या उंबऱ्याच्या आत आली नाही. आता सुनेनं टेबलच आणलं?

अंजना: संस्थेत लोखंडी टेबल आलं. हे मोडून उन्हात पडलं होतं. आताच्या अध्यक्ष केशरबाई म्हणल्या, दुष्काळात तुळजाबाईंनी चारा छावणी उघडायला लावली म्हणून आमची गुरं जगली, फुकट घेऊन जा.

तुळजाबाई: आणि तू घेतलंस!

अंजना: न्हाई. म्हणलं, फुकट नेलं तर आत्याबाई फळीसकट मला माघारी धाडतील.

धुळाजी: खरं हाय.

तुळजाबाई: तुम्हाला कोणी विचारलं नाही, धुळाजी. पुढे सांग.

अंजना: दूध मापणारी बाळंतपणाला माहेरी गेली. पहाटे तिच्या जागी मी मापलं, त्या बदल्यात टेबल. सगळ्या बायांसमोर ठरलं. यंदा ऊस वाळला, नवं कपाट कुठून आणायचं?

तुळजाबाई: म्हणजे पहाटे तू देवळात जात नव्हतीस?

अंजना: जाता जाता हात जोडत होते की.

तुळजाबाई: वा! बरं, या नव्या कपाटाला दारं कुठे आहेत? मधला कप्पाही नाही. खाली सगळं उघडं ठेवायला मी सांगितलं नव्हतं.

धुळाजी: वैनींनी सांगितलं. बसल्यावर गुडघे आत जायला पायजेत म्हन्ल्या. अन् बादलीला चाकाची फळी. ओढली की बाहेर, वाकायचं कामच न्हाई.

तुळजाबाई: गुडघे कोणाचे?

धुळाजी: मी... बाहेर रंधा मारतो जरा.

तुळजाबाई: इथेच थांबा. अंजना, बोल.

अंजना: नळाचं पाणी कमी झाल्यापासून बेसिनचं सांडपाणी आपण खाली बादलीत धरतो, लिंबाच्या झाडाला घालायला. परवा ती बादली उचलायला तुम्ही वाकलात अन्...

तुळजाबाई: बादली निसटली होती. मी सांगितलं होतं तसं.

अंजना: व्हय, तसंच सांगितलं तुम्ही. म्हणून मी बी कुणापाशी बोलले न्हाई. ह्यांनाही न्हाई.

(तुळजाबाई बेसिनच्या कडेवर हात ठेवून उभ्या राहतात.)

तुळजाबाई: तोंड धुताना माझे पाय थरथरतात, हे तुला कधीपासून ठाऊक आहे?

अंजना: तुम्ही आतून कडी लावायला लागलात, तेव्हापासून.

तुळजाबाई: आणि मी समजत होते की या घरात नजर फक्त माझीच आहे.

अंजना: रागावलात?

तुळजाबाई: संस्थेतल्या बायकांना चोख वागायला शिकवण्यात माझा जन्म गेला. तुला शिकवायला कधी बसले नाही. तरी माझं नाव राखलंस, आणि मला सांगितलंही नाहीस. केशरबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, उपकार तुमचे आहेत, माझे नव्हेत.

धुळाजी: बाई, बेसिनखालच्या फळीच्या उंचीचं तेवढं बघा. वैनींच्या अंदाजानं धरलीय, पन त्या बुटक्या.

अंजना: मी बुटकी न्हाई, तुमची पट्टी लांब हाय. आत्याबाई, स्टूल आणू?

तुळजाबाई: आण. आणि इथेच जवळ उभी राहा. खाली बसताना तुझा खांदा लागेल मला.